डोंगर उजव्या हाताला

तै महिना आला की आमच्या तंजावुरात रस्त्यावर भात वाळत पडतं. अर्धा रस्ता भाताला, अर्धा माणसांना. पापनाशमकडून येणाऱ्या बसगाड्या कडेकडेनं हॉर्न मारत जातात, बायका पायांनी भात पसरत राहतात, आणि गावभर पेंढ्याचा तो किंचित ओला, किंचित गोड वास भरून राहतो. पोंगल नुकताच झालेला असतो. सकाळी अजून गार असतं. लोकांना हा महिना फार आवडतो, मलाही आवडायचा. एकाहत्तर वर्षं बिनतक्रार आवडला. यंदा मात्र तो वास नाकात शिरला की डोक्यात तिडीक उठते. बायको असती तर म्हणाली असती, वासावर कशास रागावतां? पण ती घरात नाही, आणि खरा राग त्याचाच आहे.

गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही चार म्हातारी माणसं सिलोनच्या डोंगरांत चालायला गेलो होतो. मी, माझी बायको अंबुजा, माझा शाळेपासूनचा मित्र सेतु, आणि सेतुची थोरली बहीण गोदाक्का. यंदा तिघं गेली. मी इथं राजवाड्यामागच्या मराठी गल्लीत, आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, डावा पाय स्टुलावर टाकून बसलो आहे. गुडघ्याला पट्टा आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "काय मामा, पाय कसा आहे?" पाय कसा असणार? पायासारखा आहे.

आता डोंगर हा आमचा विषय नव्हे, हे आधी सांगून टाकतो. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. छत्तीस वर्षं कालव्यांच्या काठानं लेव्हलचं यंत्र घेऊन हिंडलो. आमच्या मुलखात मैलभर चाललं तर जमीन जेमतेम वीतभर उतरते, आणि त्या वीतभरात पाणी पुढं सरकवायचं, हे माझं काम. चढ म्हणजे काय ते मी कागदावर पाहिलं होतं, पायाखाली नाही. तंजावुरात उंच गोष्ट एकच, देवळाचं शिखर, आणि त्याच्याकडे खालून बघायचं असतं. आम्ही मान वर करून बघणारी माणसं. उंचावर उभं राहून खाली बघण्यात काही सुख असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

ते अंबुजाच्या डोक्यात आलं. त्याआधीच्या पावसाळ्यात तिच्या डोळ्यांची तपासणी झाली होती. डॉक्टर मुलगी चांगली होती, तिनं शांतपणे सांगितलं की समोरचं दिसत राहील, पण बाजूचं हळूहळू कमी होत जाईल. औषधानं वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही. अंबुजा घरी आली, तिनं कॉफी केली, डबऱ्यात, म्हणजे कॉफीच्या पितळी वाटीत, ओतून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "अहो, बाजूचं जाण्याआधी एकदां मज खूप मोठं कांहीं बघणें आहे. ज्यास दोन्ही बाजू असतील असं."

मी म्हटलं, "समुद्र बघ. नागपट्टणम दोन तासांवर आहे."

"समुद्र पाहिला. तिथं आपण समुद्राएवढ्याच उंचीवर असतों."

सेतुनं कुठंतरी पाहिलं की सिलोनच्या डोंगरांत चहाच्या मळ्यांमधून पायवाटा आहेत, साठी-सत्तरीची माणसंही तिथं आरामात चालतात, आणि तिरुच्चीहून विमान तासाभरात पोचतं. याचं नाव सेतु, आणि निघाला लंकेला. गल्लीभर चेष्टा झाली. तो हसून घेत होता. त्याला चेष्टा अंगाला लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. माझ्यात तो नाही.

सराव कुठं करायचा? डोंगर नाही, टेकडी नाही, आमच्या गल्लीत दुमजली घरंसुद्धा मोजकी. शेवटी रेल्वे स्टेशनचा पादचारी पूल सापडला. रोज पहाटे चौघं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचो आणि एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरायचो, दहा वेळा, मग पंधरा, मग वीस. गोदाक्का नऊवारीत, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. तिकीट तपासनीस बिचारा आठवडाभर पाहत होता, मग एकदा जवळ येऊन म्हणाला, "अय्या, तुमची गाडी कोणती?" गोदाक्का जिना न थांबता चढता चढता म्हणाली, "आमची अजून लागायची आहे." मला त्या वेळी हसू आलं होतं. आता त्याच जिन्याचं नाव काढलं तरी मी तोंड फिरवतो, कारण गेल्याच महिन्यात, मार्गळीत, यंदाच्या सरावात, सकाळच्या दंवानं ओल्या झालेल्या त्याच्या चौथ्या पायरीवरून मी घसरलो.

पण ते यंदाचं. गेल्या वर्षीचं आधी सांगायला हवं.

डोंगरातलं ते गाव फार लहान. आम्ही पुष्पम नावाच्या बाईच्या घरी उतरलो. तिनं चहाच्या मळ्यात पाती खुडण्यात उमेदीची वर्षं घालवली, आता तीन खोल्या पाहुण्यांना देते. तिचे पूर्वज आमच्याच बाजूनं मळ्यांवर कामाला गेलेले. आम्ही तंजावूरचे म्हटल्यावर तिनं हात धरून विचारलं, "तिथं अजून नदीला पाणी येतं का हो?" तिनं ती नदी पाहिलेली नाही, तिच्या आईनंही नाही. मी खात्याचा माणूस, मला तिला धरणाच्या दारांपासून समजावून सांगावंसं वाटलं. अंबुजानं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "येतं." पुष्पमचं तेवढ्यानं समाधान झालं.

पुष्पमनं आम्हाला त्या खिंडीबद्दल सांगितलं. गावामागं एक डोंगर, माथ्यावर मुरुगनचं, म्हणजे कार्तिकस्वामीचं, लहानसं देऊळ. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक खिंड आहे. तिथं उभं राहिलं की जमीन एकदम खाली सुटते, दोन्ही हातांना डोंगरांच्या रांगा उतरत जातात, मध्ये सगळं मैदान, आणि हवा स्वच्छ असेल तर शेवटाला समुद्राची रेघ. "पण दहाच्या आत पोचा," ती बजावून म्हणाली. "दहानंतर खालून ढग चढतात, मग काही नाही. वाटेत भाला रोवलेला दगड लागेल, तिथं दोन फाटे आहेत. उजवीकडे वळा. डावी वाट लांबून जाते."

अंबुजा त्या रात्री झोपली की नाही कोण जाणे. सकाळी सहाला ती दारात तयार होती, हातात दहीभाताचा डबा, डोक्याला स्कार्फ.

दगड लागला. त्यावर भाला रोवलेला, कुणी ताजी जास्वंद वाहिलेली. दोन फाटे होते. मी उभा राहिलो आणि माझे पाय आपोआप डावीकडे वळले.

हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण मी साठ वर्षं रोज संध्याकाळी देवळाला प्रदक्षिणा घातलेली आहे. मी फार देवभोळा आहे असं नाही. तो आमच्या गावचा फिरण्याचा रिवाज आहे, पेन्शनवाले, शाळेतली पोरं, भांडण करून आलेले नवरा-बायको, सगळे त्याच दिशेनं फिरतात. देव उजव्या हाताला. उलट दिशेनं चालायचं तर आमचं अंगच ऐकत नाही. उजवीकडे वळून, माथ्यावर मुरुगन असलेला अख्खा डोंगर डाव्या हाताला टाकून चालायचं? जन्मात नाही.

"पुष्पम उजवीकडे म्हणाली," अंबुजा म्हणाली.

"पुष्पमला रोजची सवय. देव डावा टाकायचा नसतो."

"पण दहाच्या आंत..."

"अगं, मी उतार-चढाव वाचण्यात आयुष्य घालवलंय. दोन्ही वाटा एकाच उंचीनं जातात, दिसतंय ना? डोंगर गोल आहे. इकडून काय, तिकडून काय, अंतर तेवढंच."

हे मी बोललो. शब्दन् शब्द आठवतो. सेतुनं मान डोलावली, गोदाक्कानं भाल्याला हात जोडले आणि तीही डावीकडे वळली. आमच्या गल्लीतला दुसरा कुणीही वळलाच असता. वळली नसती ती अंबुजा, पण ती माझ्यामागून आली. बाजूचं नीट दिसत नाही म्हणून ती माझ्या शर्टाचं टोक धरून चालत होती. जिनं शर्ट धरलाय ती दुसऱ्या वाटेनं कशी जाणार?

आणि माझ्या संतापाची गोष्ट अशी की ती वाट सुंदर होती! वाईट असती तर मी अर्ध्यातून परत फिरलो असतो. चहाच्या रांगांमधून ती एकदम निलगिरीच्या झाडांत शिरली, सुक्या सालीचा चुरा पायाखाली कुरकुरत होता, औषधी वास येत होता. मग एक ओढा. असलं पाणी मी नोकरीत पाहिलं नव्हतं, त्याला कुणी ढकलावं लागत नव्हतं, आपल्याच मस्तीत उड्या मारत चाललं होतं. मी दहा मिनिटं तिथं बघत उभा राहिलो. दहा मिनिटं! समोरून दोन गोरी म्हातारी माणसं आली, दोन्ही हातांत काठ्या, गुडघ्यांवर पट्टे. गोदाक्का नऊवारी खोचून त्यांच्याशेजारून चढून गेली, तेव्हा त्यांतल्या बाईनं थांबून टाळ्या वाजवल्या. अंबुजा मान इकडून तिकडे पूर्ण वळवून बघायची, एकेक बाजू वेगळी घेऊन. मी आपला बोलतोय. हा चढ अमुक, ही घळ अशी का, पाणी या अंगानं का उतरलं. किती बोललो मी त्या दिवशी! ती "हं, हं" करत राहिली आणि मधूनच माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

डोंगर गोल नव्हता. डाव्या अंगाला त्याचं एक लांब शेपूट होतं, ते संपता संपेना. आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते.

काही नव्हतं. पांढरं, नुसतं पांढरं. हात लांब केला तर बोटं अंधुक व्हावीत इतकं. उजव्या वाटेनं सकाळीच आलेली काही माणसं परत निघाली होती, त्यांचे चेहरे अजून उजळलेले. त्यांतला एक तमिळ गृहस्थ आपणहून म्हणाला, "अडाडा, तुम्ही नऊला हवे होतात! समुद्र दिसत होता." मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

अंबुजा कड्याच्या अलीकडच्या दगडाशी उभी राहिली. पंधरा-वीस मिनिटं उभी होती. मग खाली बसली, डबा उघडला, सगळ्यांना दहीभात वाढला आणि म्हणाली, "बरं झालं. जागा तरी कळली."

एवढंच. ती मला बोलली असती, चारचौघांत घालूनपाडून बोलली असती, तर मी कधीच मोकळा झालो असतो. परत येताना नाही, विमानात नाही, वर्षभरात नाही, तिनं त्या फाट्याचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. चुकलो म्हणायला मला तोंड उघडता येत नाही, हे माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी मनाशी ठरवलं होतं की पुढच्या तै महिन्यात तिला पुन्हा तिथं न्यायचं, त्या दगडापाशी मुकाट्यानं उजवीकडे वळायचं, आणि नऊ वाजता तिला खिंडीत उभं करायचं. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. आणि मग तो जिना, ती चौथी पायरी.

पायाच्या डॉक्टरनं तीन महिने चढ-उतार बंद सांगितला. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टर मुलीनं अंबुजाला सांगितलं की औषध चालू आहे, पण मागच्या तपासणीपेक्षा बाजूचं आणखी कमी दिसतंय. पुढच्या वर्षी किती राहील, सांगता येत नाही.

मी म्हटलं, "तू जा."

"तुम्हांस असं टाकून नाहीं जाणें."

"सेतु आहे, गोदाक्का आहे."

"असूं देत."

आता खरं लिहितो. अंबुजाला देवनागरी वाचता येत नाही, आम्हा तंजावुरी मराठी लोकांत आता फार थोड्यांना येतं. हे तिला मलाच वाचून दाखवावं लागेल आणि गाळायचं ते मी गाळीन. ती नाही म्हणाली तेव्हा माझ्या मनात कुठंतरी बरं वाटलं. मी वर वर जा जा म्हणत होतो, पण मला ती माझ्याशिवाय तिथं जायला नको होती. चूक माझी, तर ती दुरुस्त करतानाही मी हजर हवा! तिच्या डोळ्यांपुढं मैदान उघडेल तेव्हा शेजारी मी उभा असलो पाहिजे, नाहीतर ती दुरुस्ती कसली? म्हणजे काय, तर तिचे डोळे माझ्या गुडघ्यासाठी थांबावेत. हे कळल्यावर मला स्वतःची इतकी चीड आली की दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. अंबुजा समजली की पाय दुखतोय. तिनं तेल गरम करून आणलं, त्यामुळं आणखीच चीड आली.

मग गोदाक्का आली. तिण्णैवर बसली, पानाची देठं खुडत म्हणाली, "काय रे, ती येत नाहीं म्हणते?"

"मी सांगून दमलो."

"तूं तोंडानं जा म्हणतोस आणि चेहरा असा करतोस, मग ती कशी जाईल?"

मी गुडघ्याचा पट्टा सारखा करू लागलो.

"आणि त्या फाट्यावर या खेपेस आम्हीं उजवीकडे जाणार. आधीच सांगतें."

"देव डावा टाकून?"

गोदाक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पहिलीत गेलो. "अरे, आलों त्याच वाटेनं परत फिरलं, कीं जातांना डावा असलेला डोंगर येतांना उजव्या हातास येतो. तूं एवढी वर्षं मापं घेत होतास म्हणें!"

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती गोदाक्कावर नव्हती. इतकं सरळ होतं ते. उजवीकडून जा, बघ, त्याच वाटेनं ये. देवाचाही मान राहिला, दहाच्या आत खिंडही मिळाली. गेल्या वर्षी त्या दगडापाशी पाच मिनिटं थांबून डोकं चालवलं असतं, अंबुजा "पण" म्हणाली तिथं तिला वाक्य पुरं करू दिलं असतं, तर तिनंही हेच सांगितलं असतं कदाचित. मी तिचं वाक्य तोडलं होतं. लोक मला विचारतात पाय दुखतो का. हे दुखतं.

त्या दुपारी मी एक मोठा कागद घेतला. वाटेचा नकाशा काढला, जाड पेनानं, ठळक तमिळ अक्षरांत, तिला सरळ समोर धरून वाचता येईल असा. घर, चहाचा मळा, भाल्याचा दगड. दगडापाशी मी बाण काढला आणि लिहिलं, उजवीकडे. त्याखाली काय लिहावं ते सुचेना. बराच वेळ पेन धरून बसलो. शेवटी लिहिलं, मागच्या खेपेस मी चुकलो.

अंबुजानं कागद डोळ्यांसमोर धरून वाचला. सावकाश वाचला. घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "सांभार भात रोज शेजारच्या मामी देतील. ताक तुम्हीं घुसळून घ्याल ना?" म्हणजे ती जाणार होती.

ती गेल्याला आज चार दिवस झाले. या चार दिवसांत मी ताक दोनदा नासवलं, दारापुढची रांगोळी शेजारची मुलगी घालून जाते ती मला पसंत नाही, आणि घरात सगळं जिथल्या तिथं असूनही एकही वस्तू सापडत नाही. काल संध्याकाळी रिक्षातून देवळापर्यंत गेलो. आत चालवेना, दाराशीच बसलो. सगळं गाव फिरत होतं, त्याच त्या दिशेनं, कुणाच्या डोक्यात दुसरा विचार नाही. मी बसल्या बसल्या वैतागत होतो. एक ओळखीचा हेडमास्तर चक्कर मारून दर खेपेला मला नमस्कार करत होता, सात वेळा केला.

आणि आज सकाळी नऊला दहा कमी असताना फोन वाजला. सेतुचा नंबर.

"अण्णा, पोचलों. वैनी बोलतात."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. मग वारा, पुष्कळ वारा. मी ओट्यावर ताठ बसलो, पाय स्टुलावरून खाली गेला, दुखला, जाऊ दे.

"अंबुजा, दिसतंय का?"

"हं."

"ढग नाहीत ना? डावीकडे रांगा उतरतात त्या दिसतात? उजवीकडचं बघितलंस? मान वळवून बघ. मैदानात पाणी चमकत असेल, ते तळं नसणार, भाताची शेतं असतील, त्यांचा उतार बघ कुठं... आणि दक्षिणेला रेघ..."

"अहो," ती म्हणाली. रागावून नाही. कुणी झोपलेलं असताना आपण बोलतो तशा आवाजात. "आतां बोलूं नका."

मी थांबलो.

तिनं फोन बंद केला नाही. तिकडे वारा वाहत होता, मधूनच गोदाक्काच्या पदराची फडफड, एकदा कुणाचं तरी खोकणं. गल्लीच्या तोंडाशी पेंढ्यानं भरलेला ट्रॅक्टर वळत होता आणि त्याला जागा पुरत नव्हती म्हणून तो बोंबलत होता. मी फोन कानाला घट्ट धरला, आणि इकडचा आवाज तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताच्या तळव्यानं त्याची बोलायची बाजू झाकून बसून राहिलो.